जर्मलचं इंजन

लातूर जिल्हा झाला आणि अण्णांनी नांदेडचं दुकान उचललं. त्यांचा विचार सरळ होता. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येणार, कचेऱ्यांमागं साहेब येणार, साहेबांमागं जीपा येणार, आणि जीप म्हटली की तिचं इंजिन आज ना उद्या झिजणारच. आमचं दुकान बोरिंगचं. झिजलेल्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्याच्या पोटात पिस्टन वरखाली होतात तो ठोकळा, यंत्रावर चढवायचा, त्याची भोकं आतून कातून पुन्हा गोल करायची, थोडे मोठे पिस्टन बसवायचे आणि गाडी परत रस्त्याला लावायची. अण्णा हे काम हैदराबादेत शिकले होते. कंधारजवळच्या आमच्या गावात त्यांच्या वाट्याला जातीनं जे काम येणार होतं ते करायचं नाही, म्हणून मिसरूड फुटायच्या आधी ते घरातून निघाले, आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली बरीच वर्षं काढून हातात कसब घेऊन परतले. लातुरात त्यांनी दुकानावर 'बोरिंग वर्क्स' अशी पाटी लावली. पण ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पाटी वाचून खेड्यापाड्यातली माणसं आत यायची आणि विचारायची, मशीन कधी येईल, आमच्या शिवारात किती फुटांवर पाणी लागंल. अण्णा प्रत्येकाला समजावून सांगायचे. माणसं ऐकून घ्यायची, आणि तरीही थोडा वेळ तिथंच उभी राहायची.

दुकानामागच्या दोन खोल्यांत माय, अण्णा आणि माझा मोठा भाऊ मिलिंद राहत. मी नांदेडला तंत्रनिकेतनात यंत्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं लातूरला यायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचं, असा माझा क्रम होता. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पुढं बोरिंग मशीनची संथ घरघर, मागच्या डाळ मिलच्या चाळण्यांची दिवसभर चालणारी खसखस, आणि मधेच टँकरचा हॉर्न. हॉर्न वाजला की गल्लीतले सगळे हंडे, घागरी, डबे एकदम घरांबाहेर पडायचे. सगळ्या गल्लीला तुरीच्या डाळीचा वास यायचा, आणि त्या गल्लीत कुणाच्याही घरी डाळ शिजत नव्हती. बोअरचं पाणी इतकं जड की माय सकाळी डाळ चुलीवर चढवायची ती दुपारपर्यंत तशीच, दाणा न् दाणा वेगळा. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि पिवळ्या पाण्यात तळाशी बसलेली डाळ, असं आमचं जेवण होतं. अण्णा दाणे चावत राहायचे.

नांदेडला माझं काही फार बरं चाललं होतं असं नाही. वर्गात मी एकटीच मुलगी. कार्यशाळेत लेथवर उभी राहिले की आमचे निदेशक माझ्या हातात हजेरीचं रजिस्टर द्यायचे आणि म्हणायचे, तुझं अक्षर चांगलं आहे, तू हे लिही. मी वयाच्या दहाव्या वर्षी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घ्यायला शिकले होते, अण्णांच्या मांडीवर बसून. पण रजिस्टर लिहिणारी मुलगी म्हणून दोन वर्षं माझ्याकडं पाहिलं गेलं. त्यामुळं मी पुस्तकं वाचायचे. ग्रंथालयात इंजिनांवरची तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती, ती कुणी नेत नव्हतं. मी ती शब्दकोश घेऊन वाचली. पुस्तकात जे होतं ते जगात कुठंतरी खरं करून दाखवायचं, एवढी एकच इच्छा त्या दिवसांत माझ्या डोक्यात होती. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, ती इच्छा वाईट नव्हती, पण तिच्यात राग फार होता.

अशात शिवराजप्पा आले. मागची डाळ मिल त्यांची. पन्नाशीचे, पांढरं धोतर, कपाळाला भस्म, आणि गाड्यांचं असलं वेड की सण टळेल पण जीप धुवायची टळायची नाही. जिल्ह्याला वर्ष होत होतं, त्या निमित्तानं हौशी लोकांनी नांदेड ते लातूर अशी जीपांची शर्यत ठरवली होती. शिवराजप्पांना ती जिंकायची होती. त्यांच्याकडं जुनी जीप होती, तिचं इंजिन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. आणि हैदराबादच्या भंगार बाजारातून त्यांनी दुसरं एक इंजिन आणलं होतं, एका मोडीत निघालेल्या विलायती गाडीचं. ते दुकानात उतरवलं तेव्हा मिलिंद एकटा ते उचलू शकला. अण्णांनी भुवया उंचावल्या. राख लावून एक कोपरा घासला तेव्हा आतून पांढुरका चकचकीत धातू निघाला. माय दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर जर्मलचं हाय. आपल्या भगुन्यासारखं." आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मलची भांडी म्हणतात. तेव्हापासून ते जर्मलचं इंजन झालं.

शिवराजप्पांनी विचारलं, यातलं कोणतं बसवायचं ते तुम्ही सांगा. आणि त्यांनी बोलता बोलता हेही सांगितलं की जीप पहिली आली तर मिलचे सगळे ट्रक, आणि त्यांच्या ओळखीच्या साहेबांच्या जीपा, आमच्याच दुकानात येतील. नांदेडचं जमलेलं गिऱ्हाईक सोडून आलेल्या अण्णांना त्याच कामाची गरज होती. सहा महिन्यांत त्यांच्या यंत्रावर फारसं काही चढलं नव्हतं.

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. दोन्ही ब्लॉक मोकळे करून आम्ही मोंढ्यातल्या एका आडत्याच्या काट्यावर नेले, जिथं तुरीची पोती मोजतात. जर्मलचा ब्लॉक बिडाच्या ब्लॉकच्या जवळपास निम्म्यावर भरला. मिलिंदला तेवढंच पुरेसं होतं. गाडी तोच चालवणार होता; पुढचा भार कमी झाला की वळणावर जीप हातात राहते, हे त्याला पुस्तक न वाचता कळत होतं. मी वहीत आकडे मांडले. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं, त्यामुळं दाब वाढवता येतो, दाब वाढला की ताकद वाढते. अण्णा ऐकायचे आणि छोट्या हातोडीनं एकदा एका ब्लॉकवर, एकदा दुसऱ्यावर टिचकी मारायचे. बिडाचा आवाज बसका, आखूड. जर्मलचा लांब, घंटेसारखा. त्यांचं म्हणणं असं की बीड तापलं तरी आपली जागा सोडत नाही. त्याला रगडा, उपाशी ठेवा, ते सहन करतं. हे दुसरं तापलं की बिडाच्या दुप्पट फुगतं, आणि भोकांत बसवलेल्या नळ्या, म्हणजे लायनर, बिडाचेच, म्हणजे एकाच घरात दोन स्वभाव. ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाचे, हेडचे, बोल्ट जरा जास्त आवळले तर आटे हातात येतील. आणि एकदा का वाकलं तर या मुलखात ते सरळ करणारा कुणी नाही.

त्यांचं काहीच चूक नव्हतं. माझंही नव्हतं. हे मी नंतर तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं: बीड की अ‍ॅल्युमिनियम या प्रश्नाला उत्तर नाही, कशासाठी, कुठल्या रस्त्यावर, आणि इंजिनाची काळजी घेणारी माणसं कोण, हे आधी विचारा. पण त्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते आणि मला बरोबर ठरायचं होतं.

कोणतं इंजिन याचा निकाल लागला त्या दिवशी शिवराजप्पा दुकानातल्या लाकडी बाकावर बसले होते. अण्णांनी त्यांना बिडाचं इंजिन घेण्याची सगळी कारणं सांगितली. त्यांचं सांगून झाल्यावर मी मधे बोलले. वही उघडून आकडे दाखवले आणि म्हणाले की अण्णांचा अनुभव ट्रक आणि पंपांचा आहे, शर्यतीच्या इंजिनाचा नाही. वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मिलिंदनं मान खाली घातली. शिवराजप्पा हसले, कौतुकानं म्हणाले की शिकलेल्या पोरीचं ऐकायला पाहिजे, नाहीतर शिकवायचं कशाला. अण्णांनी हात पुसायच्या फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"ठीक हाय," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा. मी कातून देतो."

आणि त्यांनी कातून दिलं. ते काम मी आजवर पाहिलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी एक होतं. त्यांना न पटलेल्या इंजिनात त्यांनी लायनर असे बसवले की बोट फिरवलं तर जोड लागायचा नाही. हेड तासून दाब वाढवला, दोन कार्ब्युरेटर बसवले, पिस्टन काट्यावर तोलून एकसारखे केले. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. पाना दे, दिवा धर, एवढंच.

राहिला होता पाण्याचा प्रश्न. पुस्तकात अर्धी ओळ होती की जड, खारं पाणी अ‍ॅल्युमिनियमला आतून खातं. आज माझ्या गाडीत हिरवं कूलंट असतं, दुकानात डब्यात मिळतं, आणि त्याकडं कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही. तेव्हा आमच्याकडं ते नावही कुणाला माहीत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की या इंजिनात लातूरचं बोअरचं पाणी एक थेंबही जाणार नाही. नांदेडला गोदावरीच्या पात्रात तेव्हा डबकी उरली होती, पण ते पाणी गोडं होतं. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना गळ घातली, त्यांच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, धोतराच्या तुकड्यातून गाळायचं आणि दोन मोठ्या कॅनमध्ये भरायचं. वसतिगृहातल्या मुली माझ्यावर चिडायच्या. अंघोळीला बादलीभर पाणी मिळत नव्हतं आणि मी इंजिनासाठी पाणी उकळून राहिले होते. शनिवारी ते कॅन एसटीच्या टपावर चढवायचे म्हणजे कंडक्टरशी भांडण. एकानं मला वाटेतल्या लोह्याच्या स्थानकावर उतरवलंच होतं. म्हणाला, बाई, पाणी कुठं न्यायचं असतं का, ते तिकडं येत असतंय. मी पुढच्या गाडीसाठी दोन तास त्या कॅनवर बसून राहिले, आणि तोवर चार बायकांनी येऊन विचारलं की हे पाणी प्यायचं आहे का. मी नाही म्हणाले. हे नाही म्हणणं मला आज आठवतं तेव्हा चांगलं वाटत नाही.

लातूरला मी कॅन मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवायचे आणि मिलिंदला बजावायचे: रेडिएटरमध्ये यातलंच, दुसरं नाही. तो तसंच करायचा. इंजिन सुरू करून जुळवणी करताना हेड तीन-चार वेळा उघडावं लागलं, दर वेळी पाणी काढायचं, पुन्हा भरायचं. दीड महिना हे चाललं. जीप आवाज करू लागली तेव्हा डाळ मिलचे हमाल काम सोडून बघायला आले. बिडाचं इंजिन गुरगुरतं, हे किंचाळायचं. मिलिंद औसा रस्त्यावर चाचणीला जाऊन यायचा आणि उतरताना एकटाच हसत असायचा.

त्या दीड महिन्यात अजून एक गोष्ट झाली. माझ्या रविवारच्या जेवणात डाळ शिजलेली असायची. मऊ, घोटलेली, वर लसणाची फोडणी. मी दोन वाट्या खायचे, ताट पुसून घ्यायचे आणि मायला म्हणायचे की तुझ्या हाताला पुन्हा चव आली. माय म्हणायची, खा. मला वाटलं टँकर चांगल्या विहिरीवरून येत असेल. पाण्याबद्दल गावभर सगळ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या मला, ताटातल्या पाण्याबद्दल एक प्रश्न पडला नाही.

शर्यतीच्या दिवशी मला मिलिंदच्या शेजारी बसायचं होतं. इंजिन मी ऐकत गेले असते तर बिघाड आधी कळला असता, हे मी अजूनही मानते. पण ठरवणाऱ्यांनी सांगितलं की मुलीची जबाबदारी कोण घेणार. मी वाद घातला, त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या कामाला लागले. शेवटी मी आणि अण्णा शिवराजप्पांच्या एका ट्रकमधून अहमदपूरच्या अलीकडच्या चढावर जाऊन थांबलो. तिथं रस्त्याकडेला एक वस्ती होती. बायका टँकरची वाट बघत भांडी रांगेत मांडून बाभळीच्या विरळ सावलीत बसल्या होत्या. काही जणींना टँकरच्या आधीच्या फेरीत पाणी मिळालं होतं, ते भरलेले हंडे त्या राखत बसल्या होत्या. मी आणि अण्णा दोन तास शेजारी शेजारी उभे होतो.

मिलिंदची जीप पहिली दिसली. मागं बऱ्याच अंतरावर धुळीचे दोन लोट. मला ओरडावंसं वाटलं. मग चढ सुरू झाला आणि मला आवाज ऐकू आला. चारांतला एक ठोका गळत होता. अण्णांनीही तो त्याच क्षणी ऐकला असणार, कारण ते रस्त्याकडं चालायला लागले. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ येऊ लागली, जीप अडखळली आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर थांबली. मिलिंद उडी मारून उतरला. मागचे लोट जवळ येत होते. त्यानं बॉनेट उघडलं, सदऱ्याची बाही हातावर ओढली आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. अण्णा धावत म्हणत होते, नको उघडू, नको. त्यानं उघडलं.

उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या उजव्या हातावर, खांद्यावर आणि गळ्यापर्यंत आला. तो रस्त्यावर खाली बसला आणि हात शरीरापासून लांब धरून बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्याचा आहे. मी पाणी पाणी म्हणत त्या बायकांकडं पळाले. एक म्हातारी हंड्यावर हात ठेवून उठली आणि तिनं विचारलं, "कुणाची लेकरं गं तुम्ही?" हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत होता, आणि त्याचं उत्तर दिल्यावर काय होतं तेही. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात तिच्या मागची एक तरुण बाई, कडेवर पोर असलेली, आपला भरलेला हंडा घेऊन पुढं झाली आणि काही न विचारता तिनं तो मिलिंदच्या हातावर हळूहळू, धार धरून ओतला. सगळा ओतला. मग दुसरीनं. म्हातारी उभीच राहिली. अण्णांनी मिलिंदला ट्रकमध्ये घातलं. मागच्या दोन जीपा हॉर्न वाजवत चढ चढून गेल्या.

मिलिंदला दवाखान्यात ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की हात वाचेल, पण बोटं पूर्वीसारखी मिटणार नाहीत. मी त्या दुपारी घरी आले आणि इंजिन उघडलं. मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. हेड काढलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधे गॅस्केट, म्हणजे हेडखालचा पाणी अडवणारा पत्रा, फुटलं होतं. त्याखालचा धातू वाळवी लागल्यासारखा खाल्लेला होता. पाण्याच्या वाटांत पांढरी भुकटी आणि मिठासारखे थर. मी तो थर जिभेवर ठेवला. बोअरचं पाणी.

माय चुलीपुढं बसली होती. मी तिला विचारलं, कॅनमधलं पाणी कुठं जायचं. तिनं लपवलं नाही.

"डाळ शिजत नव्हती," ती म्हणाली. "तुझा अण्णा कच्चे दाणे चावून राहिला होता, त्याचे दात हलाय लागले. शेजारच्या सखूच्या नातीला हगवण लागली तर तिला पाजलं. रिकामं झालं की बोअरचं भरून ठेवायची. मला काय ठावं, ते पाणी गाडीला बाधतंय? पाणीच हाय की."

मी तिला सांगितलं होतं का? मी मिलिंदला सांगितलं होतं. मायला मी फक्त एवढं म्हणाले होते की या कॅनला हात लावू नको. का, ते सांगायची मला गरज वाटली नव्हती. इंजिनातलं तिला काय कळणार, असं मी धरून चालले होते, अगदी ज्या सुरात माझे निदेशक माझ्या हाती रजिस्टर द्यायचे त्याच सुरात. मला ओरडायचं होतं, आणि ओरडायला जागा नव्हती. एका बाळाचं पोट आणि एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचे दात, यांच्यावर कुणी कसं ओरडणार.

अण्णा मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी उघडा ब्लॉक बघितला, भुकटी बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते मला दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी चिमूटभर भुकटी दोन बोटांत चोळली.

"अण्णा, कधीपासून?"

"पहिल्या घासाला कळलं," ते म्हणाले. "पाणी बदलल्याबिगर डाळ शिजत न्हाई."

"मग सांगितलं का नाही?"

ते खाली बसले, ब्लॉकशेजारी. त्यांनी ज्या लायनरवर बोट फिरवून फिरवून काम केलं होतं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले की त्यांना वाटलं होतं इंजिन दमेल, थांबेल, शर्यत जाईल. एवढंच. माझ्या वहीला एकदा जरा ठेच लागू दे, असं वाटलं होतं. झाकण उघडायचं, हात भाजायचा, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. हे सगळं त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यांना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. लिहायची लाज वाटते, आणि त्यातलं बरंचसं खरंही नव्हतं. मी त्याच दिवशी नांदेडला परत गेले.

पुढं काय झालं ते थोडक्यात. शिवराजप्पांनी कधी बोल लावला नाही. जीपमध्ये अण्णांनी पुन्हा बिडाचं इंजिन बसवलं आणि ते पुढं वर्षानुवर्षं, बोअरच्या पाण्यावर, तक्रार न करता चाललं. साहेबांच्या जीपा आल्या नाहीत, पण मिलचे ट्रक आले, आणि घर चाललं. मिलिंदनं डाव्या हातानं पाना धरायला शिकून घेतलं. त्यानं ना अण्णांना दोष दिला, ना मला. मला तर कधी कधी वाटायचं की त्यानं दिला असता तर बरं झालं असतं. मी शनिवारच्या गाडीनं जायचं बंद केलं. माय पत्र लिहवून पाठवायची, मिलिंदच्या नव्या, वाकड्या अक्षरात. मी उत्तर मायच्या नावानं पाठवायचे.

दहा-अकरा महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडाला, भर दुपारी, वसतिगृहाच्या शिपायानं निरोप आणला की खाली कुणीतरी गाववाले आलेत. मी खाली गेले. अण्णा फाटकाशी उभे होते. धुतलेला सदरा, पायात धूळ. त्यांच्याजवळ जमिनीवर एक गोणपाट होतं, सुतळीनं तोंड बांधलेलं. त्यांनी सुतळी सोडली. आत तो जर्मलचा ब्लॉक होता. त्यांनी तो घासून पुसून चकचकीत केला होता. खाल्लेल्या जागा आता आणखीच स्पष्ट दिसत होत्या. एसटीनं, मांडीवर घेऊन आणला असणार, कारण टपावर ते कुठलीही घडवलेली वस्तू ठेवू देत नसत.

त्यांनी विचारलं की खाल्लं का, अभ्यास कसा आहे, इथं पाणी मिळतं का. मी हो, बरा आहे, मिळतं, असं म्हणाले. मग त्यांनी खाली वाकून ब्लॉकवर हात ठेवला आणि त्याच अवस्थेत, वर न बघता बोलले.

"हे भरून काढता येतंय म्हणतेत. वेल्डिंग करून. तुमच्या कॉलेजात त्याचं मशीन हाय म्हणतेत." ते थांबले. "मला येत न्हाई. तू शिकव मला."

अण्णांनी आयुष्यात उस्तादांनंतर कुणाला असं म्हटलं नसेल. मला ते कळत होतं. कार्यशाळेची किल्ली कुणाकडं असते ते मला माहीत होतं, ते मशीन मी दोनदा चालवलं होतं, आणि निदेशकांना विनवून मी दुपार मिळवू शकले असते. पण मिलिंदची न मिटणारी बोटं माझ्या डोळ्यांपुढं होती, आणि अण्णांकडं बघत राहणं मला जमेना.

मी म्हणाले, "आता नाही जमणार, अण्णा. परीक्षा आहे. नंतर बघू."

"हाव," ते म्हणाले. "अभ्यास आधी."

त्यांनी गोणपाटाचं तोंड पुन्हा नीट बांधलं, दोन गाठी मारल्या, ते खांद्यावर घेतलं आणि बसस्थानकाच्या दिशेनं चालायला लागले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. नंतर म्हणजे कधी, ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढंही कधी विचारलं नाही. ते रस्त्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी फाटकाला धरून उभी होते.

परीक्षा दिवाळीनंतर होती.